'स्त्रीपुरुषतुलने'ची किंमत

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या पुस्तकाला मराठी निबंधाच्या इतिहासात आता स्थान मिळाले आहे. परिसंवादांतून त्याचा उल्लेख होतो, प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात त्याला नमस्कार केला जातो, आणि 'स्त्रीवादाचा पहिला उद्गार' असा शिक्का मारून ते बाजूला ठेवले जाते. हा शिक्का खोटा आहे असे नव्हे. पण त्यामुळे पुस्तक वाचण्याचे काम आटोपल्याचा भास होतो, ही त्यातली खरी अडचण आहे. ताराबाईंना या लेखनासाठी जे मोल द्यावे लागले त्याची चर्चा तर बहुधा पुस्तकाच्या बाहेरच चालते. पुस्तकावर टीका झाली, ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, एवढे चरित्राच्या अंगाने सांगून अभ्यासक आशयाकडे वळतात. वस्तुतः हे मोल पुस्तक छापून झाल्यावर द्यावे लागले असे मानण्याचे कारण नाही. ते लिहितानाच द्यावे लागत होते, आणि त्याच्या खुणा निबंधाच्या बांधणीत, स्वरात, किंबहुना त्याच्या दोषांतही उमटल्या आहेत.

निबंधाचे निमित्त सुपरिचित आहे. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, आपल्या अनौरस अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा सांगितली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांपर्यंत कमी झाली. खटल्याचा गवगवा झाला. वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, नीतिमत्तेवर लिहिले गेले. पुण्याच्या 'पुणेवैभवा'ने या संधीचा लाभ घेऊन सरसकट स्त्रीजातीवर ठपका ठेवला. वऱ्हाडात बुलढाण्यास राहणाऱ्या, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांच्या कन्येने त्याला उत्तर म्हणून लेखणी उचलली. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ताराबाईंचा या खटल्याशी कोणत्याही प्रकारे व्यक्तिगत संबंध नव्हता. विजयालक्ष्मी गुजराती, ताराबाई मराठी. ती ब्राह्मण, त्या मराठा. स्वतःचे गाऱ्हाणे मांडणाऱ्या स्त्रीला समाज कधीकधी कणवेने ऐकून घेतो, कारण गाऱ्हाणे ऐकणाराचा मोठेपणा त्यात अबाधित राहतो. दुसरीच्या वतीने, तेही गुन्हेगार ठरलेल्या दुसरीच्या वतीने, जी उभी राहते तिला ही सवलत नाही. तिला तू कोण, असेच विचारले जाते.

हा प्रश्न येणार हे ताराबाईंना लिहिण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. प्रस्तावना त्याची साक्ष देते. आपण अबला, अल्पबुद्धीच्या, मराठ्यांच्या घरातील बंदिवासात वाढलेल्या. हा आपला पहिलाच प्रयत्न. भाषा ओबडधोबड असेल, तरी वाचकांनी क्षमा करावी, अशा आशयाची ती प्रस्तावना आहे. अभ्यासक हा भाग तत्कालीन शिष्टाचार म्हणून सोडून देतात. एकोणिसाव्या शतकात अल्पमतीचा उच्चार केल्यावाचून ग्रंथ हाती न घेणारे पुरुष लेखकही थोडे नव्हते, हे खरेच. परंतु त्यांच्या ग्रंथांत प्रस्तावनेतला स्वर पुढेही, क्षीण होत का होईना, रेंगाळत असतो. 'स्त्रीपुरुषतुलने'त तो प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीबरोबर संपतो आणि मागे वळून येत नाही. निबंध सुरू होताच लेखिका पुरुषवर्गाला समोर उभे करून 'तुम्ही' म्हणून जाब विचारू लागते. क्षमा मागणारी आणि जाब विचारणारी यांच्यामध्ये कोणताही पूल नाही. तेव्हा या नम्रतेला शिष्टाचार म्हणण्यापेक्षा नाक्यावर भरलेली जकात म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. आत जाण्यासाठी ती भरली, आणि आत गेल्यावर तिचा हिशेब ठेवला नाही.

उपशीर्षकातील एका शब्दाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हे उघड करून दाखविण्यासाठी निबंध लिहिल्याचे ताराबाई तेथे सांगतात. आजचा विद्यार्थी 'साहसी' म्हणजे धाडसी, शूर असा अर्थ घेतो आणि ताराबाई स्त्रियांचे शौर्य वर्णन करीत आहेत अशा समजुतीने वाचू लागतो. येथला अर्थ तो नव्हे. धर्मशास्त्रातील व्यवहारपदांत 'साहस' हा बलात्काराने, उघडउघड केलेल्या अपराधांचा वर्ग आहे. संस्कृत सुभाषितकारांनी स्त्रियांच्या माथी मारलेल्या दुर्गुणांच्या यादीतही 'साहस' हा अविचारी दुष्कृत्याच्या अर्थाने येतो. ताराबाईंचा प्रश्न असा आहे की, हे दुष्कृत्य अधिक कोणाच्या नावावर जमा आहे? म्हणजे शब्द त्यांनी फिर्यादीच्याच कागदातून उचलला आहे. नवा शब्द घडविला असता तर वाद शब्दावर गेला असता. जुनाच शब्द, जुन्याच अर्थाने घेऊन तो दुसऱ्या पारड्यात टाकल्यामुळे तो झटकून टाकण्याची सोय उरत नाही.

हीच रीत निबंधाच्या मुख्य भागात आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकातील स्त्रीनिंदेचा प्रसिद्ध श्लोक ताराबाई पुढे ठेवतात आणि त्यातील संशय, अविनय, साहस, कपट असा एकेक आरोप घेऊन पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहतात. कपट म्हणता, तर मुलीला भुलवून गावोगाव नेऊन टाकणारा कोण? वेश्या म्हणून जिची निर्भर्त्सना करता, तिला त्या वाटेला लावले कोणी? पती हा देव आहे, ठीक. मग त्या देवाने देवासारखे वागावे हे ओघानेच येत नाही काय? सावित्रीच्या कथेचा त्यांनी केलेला उपयोग तर सर्वश्रुत आहे. नवऱ्याच्या प्राणांसाठी बायको यमाच्या दारी गेली. बायकोसाठी त्या वाटेला लागलेला नवरा कोणी ऐकला आहे काय? वटसावित्रीच्या कथेवर मराठीत चिकार लिहिले गेले आहे, पण कथेला धक्का न लावता तिच्यातून निघू शकणारा हा प्रश्न ताराबाईंपूर्वी कोणी काढल्याचे दिसत नाही. कारण उघड आहे. व्रत करणारीला तो विचारण्याची मुभा नव्हती आणि व्रताचे फळ घेणाराला तो विचारण्याची गरज नव्हती.

आता दोषांविषयी. निबंध विस्कळित आहे हे मान्य केले पाहिजे. त्याला प्रकरणे नाहीत, विश्रांतीच्या जागा नाहीत. पुराणातील देवांची प्रकरणे, विधवांचे केशवपन, साहेबी बूट-टोपीची हौस, सभा भरवून भाषणे ठोकणारे सुधारक, हातची शस्त्रे गेलेल्या पुरुषांचा घरातील पराक्रम, हे सारे एकामागून एक, क्वचित् एकातच दुसरे, येत राहते. श्लोकाच्या आधाराने सुरू झालेली मांडणी मध्येच सुटते आणि बऱ्याच अंतराने पुन्हा हाती लागते. एकच मुद्दा दोनतीनदा येतो. भाषा बोलण्यातली, म्हणींनी आणि शेलक्या विशेषणांनी भरलेली. अशा गद्याला 'उत्स्फूर्त' म्हणून गौरविण्याची एक पद्धत आहे. तिने काहीच उलगडत नाही. उत्स्फूर्त म्हणजे विचार न करता लिहिलेले असे त्यातून सुचविले जाते, आणि श्लोकाचा एकेक शब्द पारखून उलटविणाऱ्या लेखिकेवर हा अन्यायच आहे.

या विस्कळितपणाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि त्यासाठी त्याच काळातील दुसऱ्या निबंधकाराशी तुलना उपयोगी पडते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. विष्णुशास्त्र्यांचा आवेश ताराबाईंपेक्षा कमी नव्हता आणि उपहासही सौम्य नव्हता. तरी त्यांच्या निबंधांत एक प्रकारची ऐसपैस चाल आहे. मुद्दा मांडावा, त्याला फाटे फोडावे, आणि उरलेले पुढच्या अंकासाठी ठेवावे. ज्याच्या हाती पुढचा अंक आहे त्याला हे परवडते. त्याचे वाचक ठरलेले आहेत, त्याचा छापखाना आहे, त्याच्याशी वाद घालणारेही त्याला लेखक म्हणूनच ओळखतात. बुलढाण्याच्या ताराबाईंपाशी यांपैकी काहीच नव्हते. आपल्याला एकदाच बोलता येणार आहे, जे राहील ते कायमचेच राहील, अशा जाणिवेने लिहिलेले गद्य जसे होईल तसे हे गद्य झाले आहे. म्हणून त्यात सारेच आले पाहिजे, लगेच आले पाहिजे, आणि महत्त्वाचे ते दोनदा सांगितले पाहिजे. विस्कळितपणा हा दोषच आहे. पण तो अशिक्षितपणाचा दोष नसून एकाकीपणाचा आहे, आणि समीक्षेने या दोहोंत भेद केला पाहिजे.

लेखिकेच्या साहित्यविषयक जाणिवेचा पुरावा म्हणून निबंधातील आणखी एक भाग दाखविता येईल. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या कादंबऱ्या आणि 'मनोरमा' हे नाटक, यांतील स्त्रीचित्रणाचा ताराबाई समाचार घेतात. स्त्री कशी असते हे सांगणाऱ्या या पुस्तकांचे लेखक पुरुष आहेत, हे त्या काळी कोणाला सांगण्याजोगेच वाटले नव्हते. ताराबाईंना ते वाटले. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी अजून यावयाची होती. मराठी कादंबरीवर स्त्रीच्या बाजूने केलेली ही पहिली टीका असेल, तर समीक्षेच्या इतिहासात तिची नोंद हवी होती. ती स्त्रीप्रश्नाच्या खात्यात पडली आणि तेथेच राहिली. हीही एका परीने किंमतच.

ताराबाईंच्या विचाराची मर्यादा झाकण्याचे मात्र कारण नाही. पातिव्रत्याच्या आदर्शालाच त्यांनी हात घातलेला नाही. आदर्श एकाच बाजूने का पाळावा, एवढेच त्या विचारतात. विवाहसंस्था, घर, घरातील श्रमांची वाटणी यांविषयी त्यांचे म्हणणे आजच्या वाचकाला अर्ध्यावर थांबल्यासारखे वाटेल. जातीच्या प्रश्नाचेही तसेच. विधवाविवाहाची बंदी वरच्या वर्णांतून प्रतिष्ठित मराठा घराण्यांत कशी शिरली याकडे त्यांचे लक्ष आहे, पण त्याचे विवेचन त्या करीत नाहीत. निंदेला उत्तर देणारा ग्रंथ निंदकाने आखलेल्या रिंगणातच बरेचसे फिरतो, हा या प्रकाराचा स्वभावच आहे.

त्याच १८८२ मध्ये पुण्यात दुसरे एक पुस्तक निघाले, पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति'. ते स्त्रियांनाच उद्देशून आहे. उद्योग, विद्या, विनय यांचा उपदेश संस्कृतप्रचुर, संथ भाषेत करते. विषयाने जवळची ही दोन पुस्तके स्वराने परस्परांपासून जितकी दूर आहेत तितकेच त्यांचे भाग्यही दूर गेले. 'स्त्रीधर्मनीती'च्या विक्रीने रमाबाईंच्या इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लागला. पुढे १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांनाही मोल द्यावे लागले, तेही जबर. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले, नंतर पुण्यास नेलेले 'शारदासदन' १८९३ च्या वादात सापडले, रानडे व भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण रमाबाईंच्या मागे तोवर संस्था होती, देशाबाहेर पसरलेला मित्रवर्ग होता. समाज तुटला तरी काम तुटले नाही, लेखणीही थांबली नाही. या दोघींच्या अनुभवांवरून असे दिसते की, प्रश्न किती धीट होता यावर त्याची किंमत ठरत नाही. तो विचारणारी किती एकटी आहे यावर ती ठरते.

ताराबाई अगदीच एकट्या नव्हत्या, असा आक्षेप येथे घेता येईल. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'चे दोन अंक काढले. त्यांत रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या वादाला उत्तर आहे, तसेच ताराबाईंच्या निबंधावर तोंडसुख घेणाऱ्यांचीही हजेरी घेतली आहे. शिंदे घराण्याचा सत्यशोधक समाजाशी असलेला संबंध पाहता यात आश्चर्य नाही. जोतीरावांच्या पाठिंब्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळी एवढ्या योग्यतेच्या दुसऱ्या कोणी हे केले नाही. परंतु पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी त्याची पाठराखण करावी लागते, आणि ती करणारा पुरुष स्वतःच बहिष्कृताप्रमाणे वागविला जाणारा असतो, यावरून विरोधाचे स्वरूप काय असेल याची कल्पना येते. पाठराखण मिळाली, ज्या चर्चेत लेखिकेने स्वतः उत्तर द्यावयाचे, ती चर्चा मिळाली नाही. ताराबाईंचे नाव पुन्हा एखाद्या पुस्तकावर दिसले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या.

डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक संपादून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे त्र्याण्णव वर्षे गेली होती. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर सविस्तर प्रस्तावनेसह केले. या त्र्याण्णव वर्षांचा हिशेब मांडताना केवळ एका लेखिकेवरील अन्यायाचा विचार करून भागत नाही. बोलीच्या जोरावर वाद घालणारे, संस्कृत आधार हाताळूनही संस्कृतप्रचुर न होणारे, स्त्रीच्या तोंडचे असे गद्य १८८२ मध्ये मराठीत होते, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती पडले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील बोलीचे यथार्थ कौतुक होते. पण ती बोली आठवणी सांगणारी आहे, वाद घालणारी नव्हे. वाद घालणाऱ्या स्त्रीला प्रत्येक वेळी आपला आवाज पहिल्यापासून घडवावा लागला.

याचे ठळक उदाहरण पन्नास वर्षांनंतरचे आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. सुशिक्षित, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींची मने त्यात उघड केली होती. महाराष्ट्रात खळबळ उडाली, पण ती प्रामुख्याने एका प्रश्नाभोवती फिरली: ही विभावरी कोण? कथांतील प्रौढ अविवाहितेची कुचंबणा, तिच्या मिळकतीवर चालणारे घर, तिच्या लग्नाबद्दल आईबापांची सोयीस्कर उदासीनता, हा गाभा बाजूस राहिला आणि वाचक हेर झाले. पुढे मालती बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या बाळूताई खरे यांचे ते टोपणनाव होते. हिंगण्यास शिकलेल्या बाळूताईंनी त्यापूर्वी 'अलंकारमंजूषा', 'हिंदु व्यवहार धर्मशास्त्र' यांसारखे लेखन आपल्या खऱ्या नावाने केलेले होते, ही बाब येथे फार बोलकी आहे. हिंदू स्त्रीला कायद्याने काय मिळते हे नाव देऊन सांगता येत होते. तिला काय वाटते, हे सांगण्यासाठी नाव बदलावे लागले. हक्काची मागणी तोवर सभ्य झाली होती; अनुभवाची कबुली झाली नव्हती. पुढल्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीचे परपुरुषाशी नाते चित्रित झाले, तेही विभावरीच्याच नावावर.

टोपणनावाचा पडदा हा मौनापेक्षा सौम्य दंड आहे यात शंका नाही. त्याने लेखन चालू राहिले आणि 'बळी' (१९५०) सारखी कादंबरी मराठीला मिळाली. तरी पडद्यालाही त्याची किंमत आहे. ज्या लेखनाचे सारे बळ 'हे खरे आहे' या ग्वाहीत, ते लिहिणारीला ती ग्वाही आपल्या नावाने देता येत नाही. 'कळ्यांचे निःश्वास' हे एखाद्या पुरुषाचे लेखन असावे असा तर्क निघू शकला तो याच फटीतून.

टोपणनाव ही केवळ स्त्रियांचीच गरज होती असे मात्र नाही. 'प्रभाकरा'तून १८४८ ते १८५० या काळात शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते, विद्वान होते, पुरुष होते. तरी स्त्रियांच्या स्थितीवर आणि ब्राह्मणांच्या दोषांवर लिहिताना त्यांनी 'लोकहितवादी' हेच नाव पत्राखाली घातले. १८८२ मध्ये बुलढाण्याहून पुण्याच्या छापखान्यात आलेल्या निबंधावर लेखिकेचे नाव होते ताराबाई शिंदे.